टॅब घेण्याआधी पान मोजा: पुण्यात शिकायला आलेल्यांसाठी मार्गदर्शक

कॉलेजचे प्रवेश झाले, अभ्यासिकेत जागा मिळाली, की पुढचा प्रश्न येतो टॅबचा. दुकानात विचारायला गेलं की बोलणं प्रोसेसर, रॅम आणि कॅमेऱ्यापासून सुरू होतं आणि 'आज ऑफर आहे' इथे संपतं. अभ्यासासाठी टॅब घेणाऱ्याने सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करावी: रोज चार-सहा तास डोळ्यांसमोर कसलं पान असणार आहे, आणि त्या पानावर लिहायचं आहे की नुसतं वाचायचं आहे. याचं उत्तर पक्कं झालं की बाजारातले बरेचसे टॅब आपोआप बाद होतात.

पायरी १: टॅब हवा आहे, की लॅपटॉप?

अभियांत्रिकीच्या मुलांनी हे आधी तपासावं. ऑटोकॅडची पूर्ण आवृत्ती, सॉलिडवर्क्स, मॅटलॅब यांची कामं टॅबवर होत नाहीत. मोबाइल अ‍ॅप मिळतं, पण ते फाइल बघण्यापुरतं किंवा किरकोळ बदलांपुरतं. वाणिज्य शाखेला टॅली शिकायचं असेल तर तेच. अशा वेळी एकच वस्तू परवडत असेल तर लॅपटॉप घ्या आणि टॅबचा विचार पुढच्या वर्षावर टाका. 'टॅबला कीबोर्ड जोडला की लॅपटॉप होतो' या वाक्यावर पैसे लावू नका. कीबोर्डमुळे टायपिंग सुधारतं, सॉफ्टवेअर तेच राहतं.

शिष्यवृत्तीचे आणि परीक्षांचे अर्ज भरतानाही टॅबचा ब्राउझर अधूनमधून अडतो. फोटो ठरावीक केबीत बसवणं, सही अपलोड करणं, पावती छापणं ही कामं कॉम्प्युटरवर सोपी जातात. वर्षातून तीन-चार वेळा लागणारं काम आहे, त्यासाठी नेट कॅफे पुरतो.

वाचन, रेकॉर्डेड लेक्चर, पीडीएफवर खुणा आणि हाताने नोट्स, हेच मुख्य काम असेल तर टॅब योग्य. पुढे वाचा.

पायरी २: पान मोजा

बहुतेक नोट्स, प्रश्नपत्रिका आणि संदर्भग्रंथांचे स्कॅन ए४ मापाचे असतात: २१० मिलिमीटर रुंद, २९७ उंच. टॅब उभा धरला की हे पान किती आक्रसतं, यावर तुमच्या डोळ्यांचं सुख अवलंबून आहे. जाहिरातीत फक्त कर्ण लिहितात, इंचात. पण पानाला हवी असते रुंदी, आणि ती स्क्रीनच्या आकारावर, म्हणजे लांबी-रुंदीच्या प्रमाणावर ठरते.

८.७ इंची छोट्या टॅबची रुंदी सुमारे ११३ मिलिमीटर भरते. ए४ पान त्यावर ५४ टक्के मापाचं दिसतं, १२ पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटचं होतं. गॅलक्सी टॅब ए९ प्लससारखा ११ इंची, १६:१० प्रमाणाचा टॅब १४८ मिलिमीटर रुंद असतो. पान ७० टक्के, अक्षर सुमारे साडेआठ पॉइंट. साध्या आयपॅडची स्क्रीन कर्णात त्याहून किंचित लहान असूनही १५७ मिलिमीटर रुंद आहे, कारण ती जास्त चौकोनी आहे. तिथे पान ७५ टक्के आणि अक्षर ९ पॉइंट. ३:२ प्रमाणाचा शाओमी पॅड ७ जवळपास तिथेच येतो. वनप्लस पॅड २ चा स्क्रीन १२.१ इंची आणि ७:५ प्रमाणाचा, त्यामुळे पान ८४-८५ टक्के आणि अक्षर १० पॉइंटचं दिसतं. छापील पुस्तकाच्या जवळ जाणारा अनुभव हवा असेल तर तो इथे मिळतो, पण असा टॅब एका हातात फार वेळ धरवत नाही.

यातून असं वाटेल की ११ इंची लांबट टॅब अभ्यासाला कमी पडतो. एक युक्ती वापरली तर पडत नाही. ए४ पानाला चारही बाजूंनी साधारण २५ मिलिमीटरचा समास असतो, म्हणजे मजकुराचा चौकोन १६० बाय २४७ मिलिमीटरचा. पीडीएफ वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये समास कापण्याची सोय असते. झोडो आणि रीडएरा या दोन्हींत ती आहे. समास कापला की ११ इंची टॅबवर मजकूर ९२ टक्के मापात दिसतो आणि १२ पॉइंटचं अक्षर ११ पॉइंटचं राहतं. उंचीतही तो बसतो, झूम करून पान इकडेतिकडे सरकवावं लागत नाही. झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या नोट्समध्ये मात्र स्वयंचलित कापणी चुकते, कारण कडेच्या काळ्या पट्ट्यालाही अ‍ॅप मजकूर समजतं. तिथे चौकट हाताने आखायची.

व्हिडिओसाठी गणित उलटं आहे. लांबट स्क्रीनवर लेक्चर जवळजवळ पूर्ण भरतं, चौकोनी स्क्रीनवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. दिवसाचा मोठा भाग लेक्चर बघण्यात जाणार असेल तर १६:१०, पीडीएफ जास्त असतील तर चौकोनी.

पायरी ३: देवनागरीसाठी बारकावा

रोमन अक्षर कमी पिक्सेलमध्येही वाचता येतं. मराठीत मात्र अनुस्वार, रफार, उकार आणि जोडाक्षरं यांना जागा थोडी आणि तपशील जास्त असतो. दर इंची २०० पिक्सेलच्या खाली गेलात की लहान टाइपात 'र्म' आणि 'र्मं' मधला फरक डोळ्यांना शोधावा लागतो. ८.७ इंची आणि १३४० बाय ८०० पिक्सेलचा टॅब १७९ वर येतो. ११ इंची आणि १९२० बाय १२०० चा टॅब २०६ वर, म्हणजे काठावर पास. आयपॅड २६४, शाओमी पॅड ७ सुमारे ३४५. दहा इंची टॅबवर १२८० बाय ८०० लिहिलेलं दिसलं तर मराठी वाचनासाठी तो घेऊच नका, कितीही स्वस्त असला तरी.

दुसरी अडचण टॅबची नाही, फाइलींची आहे, पण दोष टॅबला लागतो. जुन्या मराठी नोट्स पुष्कळदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. अशी वर्ड फाइल टॅबवर उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. पीडीएफ असेल तर दिसते व्यवस्थित, पण त्यात शब्द शोधता येत नाही आणि मजकूर कॉपी केला की कचरा उतरतो. कोणताही महागडा टॅब हे सुधारत नाही. नोट्स देणाऱ्याकडे पीडीएफ मागा, आणि स्वतः टाइप कराल ते युनिकोडमध्येच करा. बालभारतीची क्रमिक पुस्तकं पीडीएफ स्वरूपात अधिकृतपणे मोफत मिळतात. स्पर्धा परीक्षेचा पाया घालणाऱ्यांनी टॅब आल्यावर ती आधी उतरवून घ्यावीत.

पायरी ४: पेन लागणार आहे का?

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे आणि उत्तरं कागदावर लिहायची असतात. काचेवर लिहून कागदाचा सराव होत नाही: हाताचा वेग वेगळा, दाब वेगळा, पान भरण्याचा अंदाज वेगळा. म्हणून स्पर्धा परीक्षावाल्यांना आमचा स्पष्ट सल्ला आहे की पेनवर पैसे घालू नका. वाचताना रेघ मारायला बोट पुरतं. वाचलेल्या पैशांत फुलस्केप वह्या घ्या आणि अप्पा बळवंत चौकातून एखादं चांगलं संदर्भपुस्तक आणा.

अभियांत्रिकी, वैद्यकीय, विज्ञान शाखा यांचं वेगळं आहे. समीकरणं, आकृत्या, स्लाइडवर शेरे ही कामं पेनाशिवाय होत नाहीत. इथे तीन प्रकार ओळखा.

रबरी टोकाची, शंभर-दोनशे रुपयांची स्टायलस म्हणजे फक्त बोटाची नक्कल. तळहात टेकवला की रेघा उमटतात, दाब कळत नाही. लिहिण्यासाठी ती निरुपयोगी आहे.

बॅटरीवर चालणारी पेनं त्या-त्या टॅबशी जुळणारीच लागतात. एका कंपनीचं पेन दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर चालेल असं गृहीत धरू नका. आयपॅडमध्ये तर मॉडेलनुसार पेन्सिल बदलते. २०२५ मध्ये आलेल्या ए१६ चिपच्या साध्या आयपॅडला यूएसबी-सी वाली अ‍ॅपल पेन्सिल चालते, पण तिला दाब कळत नाही. नोट्ससाठी तेवढी पुरे. चित्रकला किंवा वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला मात्र रेघ जाड-बारीक करायची असते. त्याला या आयपॅडवर पहिल्या पिढीची पेन्सिल घ्यावी लागेल, आणि ती चार्ज करायला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. अ‍ॅपल पेन्सिल प्रो साध्या आयपॅडवर चालत नाही.

तिसरा प्रकार सॅमसंगच्या एस पेनचा. स्क्रीनखालच्या थरातून त्याला शक्ती मिळते, त्यामुळे लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही. दाबही कळतो. टॅब एस१० एफईच्या खोक्यात ते येतंच. पण ए९ प्लसवर एस पेन चालत नाही. दोन्ही नावांत 'गॅलक्सी टॅब' आहे म्हणून फसू नका.

पेनाची परीक्षा दुकानात अशी घ्या. आधी तळहात टेकवून 'क्षत्रिय', 'ज्ञानेश्वर', 'श्रीकृष्ण' असे शब्द नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या आकारात लिहा. जोडाक्षरांची टोकं तुटत असतील किंवा शाई पेनाच्या फार मागे राहत असेल तर लक्षात येईल. मग पट्टी ठेवून कर्णरेषा अगदी सावकाश ओढा. ही चाचणी कोणी करत नाही, आणि कच्चं पेन नेमकं इथेच उघडं पडतं: सरळ रेघ लाटेसारखी हलते, कारण सेन्सरच्या जाळीत टोकाची जागा ठरवताना टॅबचा अंदाज चुकत असतो. भूमितीच्या आकृत्या काढणाऱ्याने असा टॅब टाळावा.

काच घसरते म्हणून कागदासारखी खरखरीत फिल्म लावतात. पकड येते, पण पेनाचं टोक लवकर झिजतं आणि अक्षरांचा लख्खपणा कमी होतो. आधी महिनाभर साध्या काचेवर लिहून बघा.

पायरी ५: आतला मालमसाला

रॅम ६ जीबीपेक्षा कमी नको, अँड्रॉइडवर ८ असेल तर उत्तम. एका बाजूला लेक्चर आणि दुसऱ्या बाजूला दोनशे एमबीची स्कॅन केलेली पीडीएफ, अशी मांडणी ४ जीबीच्या टॅबवर अडखळते. खोक्यावर '८ + ८ = १६ जीबी' असं लिहिलेलं असेल तर खरी रॅम पहिल्या आकड्याएवढीच. उरलेली म्हणजे साठवणुकीतून उसनी घेतलेली जागा, आणि ती रॅमच्या कितीतरी पट हळू चालते. आयपॅडची रॅम आकड्याने कमी दिसते, पण तिची या आकड्यांशी थेट तुलना करू नका, दोन्हींची व्यवस्था वेगळी आहे.

साठवण किमान १२८ जीबी घ्या. ती ईएमएमसी आहे की यूएफएस, हे विचारा. ईएमएमसी स्वस्त आणि हळू. टॅब भरत आला की अ‍ॅप उघडायलाच वेळ लागतो, आणि 'दोन वर्षांत टॅब म्हातारा झाला' ही तक्रार बहुधा इथूनच येते. मेमरी कार्डची खाच असेल तर पीडीएफ आणि स्वतः उतरवलेले व्हिडिओ त्यावर ठेवता येतात. अनेक क्लासेसची अ‍ॅप मात्र डाउनलोड केलेलं लेक्चर स्वतःच्याच जागेत, कुलूपबंद ठेवतात. ते कार्डवर जात नाही. म्हणून '६४ जीबी घेऊ, कार्ड टाकू' हा हिशेब चुकतो. आयपॅडला आणि शाओमी पॅड ७ ला कार्डची खाच नाही.

प्रोसेसरबद्दल एवढंच: वाचन, व्हिडिओ आणि नोट्ससाठी मध्यम चिप पुरते. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तरच वरच्या चिपचे पैसे मोजा. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तर बघूच नका.

एक गोष्ट मात्र अवश्य बघा: वाइडव्हाइन एल१, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या सुरक्षेचा वरचा दर्जा. अनोळखी ब्रँडच्या टॅबमध्ये बऱ्याचदा एल३ असतं, आणि मग स्क्रीन कितीही चांगला असला तरी नेटफ्लिक्ससारख्या सेवा ४८० ओळींच्या पुढे चित्र देत नाहीत. 'डीआरएम इन्फो' हे मोफत अ‍ॅप टाकलं की हे कळतं.

किती वर्षं अपडेट मिळणार, हेही विचारा. एस१० एफईला सॅमसंगने सात वर्षांचं आश्वासन दिलेलं आहे. अ‍ॅपल आधी वर्षं सांगत नाही, पण २०२० चा साधा आयपॅड २०२५ ची नवी प्रणाली चालवतो. स्वस्त अँड्रॉइड टॅबच्या बाबतीत कंपनीच्या संकेतस्थळावर आकडा सापडला नाही, तर मिळणार नाहीत असंच समजा.

पायरी ६: सिमकार्ड

खोलीवर किंवा अभ्यासिकेत वायफाय असेल, आणि बाहेर फोनचा हॉटस्पॉट चालत असेल, तर सिमवाला टॅब घेऊ नका. ए१६ आयपॅडमध्ये वायफाय आणि सिम यांच्या किमतीत लाँचच्या वेळी १५,००० रुपयांचा फरक होता. सिम असूनही आयपॅडवर साधा कॉल होत नाही आणि ओटीपीचा एसएमएस येत नाही, हे अनेकांना पैसे भरल्यावर कळतं. शाओमी पॅड ७ भारतात फक्त वायफायमध्ये आला. गावाकडे वायफाय नसेल आणि फोनची बॅटरी आधीच थकलेली असेल, तर सिमचा विचार रास्त आहे.

पायरी ७: खरी किंमत काढा

किमतीच्या पाटीवर फक्त टॅब असतो. कागदावर एक ओळ आखा: टॅब, पेन, चार्जर, कव्हर, स्क्रीनवर लावायची काच. २०२५ मधल्या लाँचच्या किमती घेऊन बघा. आयपॅड ए१६ ३४,९०० आणि यूएसबी-सी पेन्सिल ७,९००, मिळून ४२,८००. टॅब एस१० एफई ४२,९९९, पेन त्यातच, पण चार्जर खोक्यात नाही. म्हणजे पाटीवर आठ हजारांचा फरक दिसणारे दोन टॅब पेनासकट जवळजवळ एकाच किमतीला पडतात, आणि सॅमसंगचं पेन दाब ओळखतं. शाओमी पॅड ७ २७,९९९, त्याचं फोकस पेन ५,९९९, एकूण सुमारे ३४,०००. पेन नको असेल तर मात्र तुलना पूर्ण बदलते. सणासुदीच्या सेलमध्ये हे आकडे खाली येतात, तेव्हा ओळ पुन्हा भरा.

कव्हर आणि काच टॅब घेण्याआधी शोधा. सॅमसंग आणि आयपॅडचं सामान तपकीर गल्लीपासून कॅम्पापर्यंत सगळीकडे मिळतं. कमी खपाच्या मॉडेलला मापाची काच मिळत नाही आणि शेवटी ती ऑनलाइन मागवावी लागते. अधिकृत सेवा केंद्र पुणे-पिंपरीत आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर बघा आणि तिथे फोन करून स्क्रीन बदलण्याचा खर्च विचारा. टॅबची स्क्रीन चिकटवलेली असते, त्यामुळे हा खर्च टॅबच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊ शकतो.

पायरी ८: दुकानातली पंधरा मिनिटं

खरेदी ऑनलाइन करणार असलात तरी एकदा मोठ्या दुकानात जाऊन टॅब हातात घ्या. शनिवार-रविवार टाळा, डेमोचे टॅब मोकळे मिळतात. जाण्याआधी स्वतःच्या तीन फाइली ड्राइव्हवर टाकून ठेवा: एक दाट मराठी मजकुराची, एक स्कॅन केलेली जड, एक आकृत्यांची. डेमोच्या टॅबवर अ‍ॅप टाकू देत नाहीत, पण ब्राउझरमधून लिंक उघडता येते.

मराठी पान उभं धरून, झूम न करता, हातभर अंतरावरून वाचा. जड फाइलची वीस पानं भराभर उलटा, पांढरं पान किती वेळ राहतं ते बघा. मग ब्राइटनेस निम्मा करून दाराजवळ उजेडात या, चकाकी कळेल. शेवटी टॅब एका हातात धरून पाच मिनिटं उभे राहा. अर्ध्या किलोचं वजन तिसऱ्या मिनिटाला जाणवायला लागतं.

जुना टॅब घेत असाल तर विक्रेत्याने तुमच्यासमोर त्याचं खातं काढून टॅब रीसेट केला पाहिजे, आणि सुरू करताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला जाता कामा नये. मागितला तर तो टॅब तुमच्या हातात वीट म्हणून राहील. सिमवाला असेल तर *#०६# दाबून किंवा सेटिंगमधून आयएमईआय (टॅबचा ओळख क्रमांक) काढा आणि KYM, एक मोकळी जागा, मग तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. क्रमांक काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं.

पायरी ९: घरी आणल्यावर

परत करण्याची मुदत मोजकी असते, म्हणून पहिल्या दोन दिवसांत सगळं तपासा. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून मेलेले पिक्सेल आणि कडेने गळणारा उजेड बघा. सगळे स्पीकर, माइक, वायफाय दोन खोल्यांच्या अंतरावर. टॅब शून्यापासून पूर्ण चार्ज करून वेळ लिहून ठेवा. ७,०४० एमएएचचा ए९ प्लस १५ वॉटच्या चार्जरवर अडीच-तीन तास सहज घेतो, तो दोष नाही. फोनचा जुना ५ वॉटचा चार्जर लावलात तर रात्रभर लागेल.

कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा. अँड्रॉइडवर जीबोर्डमध्ये मराठी हस्तलेखनाचा पर्यायही आहे, बोटाने किंवा पेनाने लिहिलेलं टाइप होऊन येतं. नोट्सच्या अ‍ॅपमध्ये आठवड्याला पीडीएफ काढून ड्राइव्हवर ठेवण्याची सवय लावा. सॅमसंग नोट्समधल्या वह्या दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर तशाच उघडत नाहीत, पीडीएफ मात्र कुठेही उघडते.

आणि टॅब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. खाली इंजिन असतं, वरून ऊन, आणि बॅटरीला उष्णतेएवढं दुसरं काही लवकर संपवत नाही. शिवाय झाकण दाबताना हेल्मेट किंवा डब्याचा दाब स्क्रीनवर आला तर आत पांढरे डाग पडतात. ते वॉरंटीत बसत नाहीत. पाठीवरच्या सॅकमध्ये, पाठीकडच्या कप्प्यात, स्क्रीन आतल्या बाजूला करून ठेवा. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत घालून मग सॅकमध्ये टाका. एस१० एफईसारखे आयपी६८ दर्जाचे थोडे टॅब सोडले तर बाकीच्यांना पाण्यापासून संरक्षण नसतं. चार्जिंगचं पोर्ट ओलं झालं असेल तर ते पूर्ण कोरडं होईपर्यंत केबल लावू नका, ओल्या पिनांमधून वीज गेली की त्या गंजतात.

जीएसटी क्रमांक असलेलं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर छापलेला आहे का ते खोक्याशी ताडून बघा आणि फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं, आणि सेवा केंद्रात पहिल्यांदा तेच मागतात.